आतलं चाक

द्वितीय वर्ष, कला

मराठीत ‘वळण’ या शब्दाला फार कामं आहेत. पोरांना आईबाप वळण लावतात. अक्षराला वळण असतं. बोलणी चांगली चाललेली असताना विषयाला भलतंच वळण लागतं. वळणाचं पाणी वळणावर जातं, असं म्हातारी माणसं सांगतात. या सगळ्या वळणांवर मोठमोठ्या लेखकांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. मी लिहिणार आहे ते साध्या डांबरी रस्त्यावरच्या वळणाबद्दल. म्हणजे गाडी वळते कशी, एवढ्याबद्दल.

‘अगं, तू मराठी विषय घेतलायस ना? मग पाऊस, आई, वसतिगृहातले दिवस असं काहीतरी लिही की! स्टिअरिंग काय लिहितेस?’ असं संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीनं मला विचारलं. तिचं म्हणणं रास्त आहे. पण आमच्या घरात दोन वेळचं जेवण आलं ते स्टिअरिंगच्या जोरावर आलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बावीस वर्षं ट्रक चालवत होते. कराडहून गूळ, कांदा भरायचा आणि पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं. मोठा भाऊ, दादा, गॅरेजमध्ये काम करतो आणि त्याचा हात बसला आहे तो स्टिअरिंगच्या कामावर. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पाऊस आणि आई यांच्यावर लिहायला माझ्याआधी पुष्कळ जण झाले. स्टिअरिंगवर या अंकात लिहायला मात्र माझ्याशिवाय कोणी पुढे येईलसं दिसलं नाही.

तर आधी अण्णांचा ट्रक घेऊ. ड्रायव्हरनं चाक फिरवलं की गाडीचं चाक वळतं, असं आपण म्हणतो. पण हाताच्या चाकापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत निरोप पोहोचतो तो पाच-सहा जणांच्या हातून. स्टिअरिंगचं चाक एका दांड्यावर बसवलेलं असतं. दांडा खाली एका लोखंडी पेटीत जातो, तिला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. पेटीत दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, त्यांच्यावर एक मोठा नट सरकतो आणि आटे व नट यांच्यामध्ये पोलादी छर्रे फिरत राहतात, म्हणजे घासण कमी होते. नट सरकला की पेटीबाहेर लोंबणारा एक हात, ड्रॉप आर्म, पुढे-मागे हलतो. तो ड्रॅग लिंक नावाच्या दांडीला ढकलतो. ती दांडी उजव्या चाकाच्या मुळाशी असलेल्या आर्मला ढकलते. चाक किंगपिन नावाच्या उभ्या खिळीभोवती वळतं. दाराचं फळकूट बिजागरीभोवती वळावं, तसं.

आणि डावं चाक? आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे अशा ट्रकमध्ये त्याच्या हाताचा निरोप आधी उजव्या चाकाला मिळतो. डाव्या चाकाला तो थेट मिळतच नाही. दोन्ही चाकांच्या मुळांना जोडणारी एक आडवी लांब दांडी असते, तिचं नाव टाय रॉड. उजवं चाक वळलं की टाय रॉड सरकतो आणि डाव्याला आपल्याबरोबर वळवतो. एका चाकानं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, असा हा संसार आहे.

मधल्या पेटीचं काम फक्त निरोप पोहोचवण्याचं नसतं, जोर वाढवण्याचंही असतं. समजा, हातातलं चाक २० अंश फिरवल्यावर रस्त्यावरचं चाक १ अंश वळतं. मग घाटातल्या वळणावर चाक ३० अंश वळवायचं तर हातातलं चाक ६०० अंश फिरवावं लागणार. म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर दोन-तृतीयांश. बळ कमी लागतं, पण हात जास्त फिरवावे लागतात. निसर्ग फुकट काही देत नाही. अण्णांच्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. माल भरलेला, चढ उभा, वेग अगदी कमी, अशा वेळी चाक वळवताना ते जवळजवळ उठून उभे राहत. वेगात असलेली गाडी वळवायला हलकी. थांबायला आलेली गाडी वळवायला जड. कारण वेगात टायर गडगडत वळतो आणि थांबलेला टायर रस्त्यावर घासत वळवावा लागतो. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी अण्णांच्या उजव्या खांद्याकडे पाहून शिकले.

आता खरी अवघड गोष्ट. गाडी डावीकडे वळते तेव्हा दोन्ही पुढची चाकं सारखीच वळत असतील, असं कुणालाही वाटेल. तशी ती वळत नाहीत आणि वळूही नयेत. दादाला मी याचं कारण विचारलं तेव्हा तो जॅक लावत होता. वर न बघता म्हणाला, ‘आतलं चाक जादा वळतंय, बाहेरचं कमी. आतल्याला लहान गोल मारायचा असतोय, बाहेरच्याला मोठा. दोन्ही सारखी वळवलीस तर एक चाक दुसऱ्याला फरफटत न्हेणार. टायर खाऊन टाकील.’

मी घरी येऊन आलेख कागद काढला. दहावीनंतर तो तसाच पडून होता. १ मीटरला ३ सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २.४ मीटर, पुढच्या दोन चाकांत १.२ मीटर, आणि मागच्या आखाच्या मध्यापासून ५ मीटरवर वळणाचा मध्यबिंदू. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून तो बिंदू मागच्या आखाच्याच रेषेत कुठेतरी असला पाहिजे. त्या बिंदूपासून पुढच्या प्रत्येक चाकापर्यंत रेघ ओढायची. चाक त्या रेघेशी काटकोनात राहिलं तर ते न घासता गडगडेल. कोनमापक लावला आणि नंतर त्रिकोणमितीनं पडताळून पाहिलं. आतलं चाक वळलं २८.६ अंश आणि बाहेरचं २३.२ अंश. एकाच गाडीची, एकाच आखावरची, एकाच वळणावरची दोन चाकं आणि त्यांच्यात ५.४ अंशांचा फरक! पण चारही चाकांच्या रेघा येऊन मिळाल्या त्या एकाच बिंदूत.

तो कागद मी दादाला दाखवला. त्यानं ग्रीसचे हात मागे धरून तो लांबूनच पाहिला आणि म्हणाला, ‘मग मी काय सांगितलं?’

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिला दोनच चाकं, आणि ती आखाभोवती सुटी फिरतात. बैल वळले की जू वळतं, जुवाबरोबर गाडी वळते, आतलं चाक सावकाश फिरतं आणि बाहेरचं भरभर. प्रश्न पडला तो युरोपातल्या चार चाकी घोडागाड्यांना. त्यांचा पुढचा आख अख्खाच्या अख्खा मधल्या एका खिळीभोवती वळायचा. आख वळला की एक चाक गाडीच्या पोटाखाली शिरायचं, गाडीचा आधार अरुंद व्हायचा आणि वळण तीव्र असलं तर गाडी कलंडायची. आख स्थिर ठेवावा आणि त्याच्या दोन टोकांना चाकं स्वतंत्र वळवावीत, हा विचार चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७५८-५९ च्या सुमारास केला होता. ते वैद्यक करीत आणि कविताही लिहीत. आपल्या यंत्रांचं पेटंट घेतलं तर डॉक्टर म्हणून असलेल्या नावाला बट्टा लागेल, या भीतीनं त्यांनी ते घेतलं नाही. हातानं करायचं काम प्रतिष्ठेला बाधतं, ही समजूत फक्त आपल्याच देशातली नाही, हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते सांगता येत नाही.

पुढे म्युनिक शहरात गेऑर्ग लांकेनस्पेर्गर नावाचा एक गाड्या बांधणारा कारागीर होता. १८१६-१७ च्या सुमारास त्यानं दोन्ही चाकं स्वतंत्र वळवणारी रचना बांधली. त्याचा लंडनमधला प्रतिनिधी होता रुडॉल्फ अकरमान. हाही मूळचा जर्मन, खोगीर आणि घोडागाड्यांच्या धंद्यातून वर आलेला. लंडनला स्ट्रँड या रस्त्यावर त्याचं चित्रांचं दुकान होतं आणि १८०९ पासून तो कलेला वाहिलेलं एक मासिकही काढत असे. १८१८ साली त्यानं या रचनेचं इंग्लंडमधलं पेटंट आपल्या नावावर घेतलं. आज दोनशेहून अधिक वर्षं झाली. जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत या भूमितीला ‘अकरमान स्टिअरिंग’ म्हणतात. बांधणाऱ्याचं नाव मागे राहिलं आणि कागद करणाऱ्याचं पुढे गेलं. अकरमाननं चोरी केली असं कुणी म्हणत नाही. तो त्याचा रीतसर प्रतिनिधीच होता. पण कागदावर ज्याचं नाव त्याचीच गोष्ट, हा जगाचा कायदा इथंही लागू झाला.

घोडागाड्यांच्या धंद्यात या रचनेला फारसं कुणी विचारलं नाही. तिचे दिवस आले ते मोटार आल्यावर. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या गाडीचं पेटंट घेतलं, तिला तीनच चाकं होती, कारण चार चाकांची गाडी समाधानकारक वळवायची कशी हे कोडं तेव्हा त्यांना सुटलेलं नव्हतं. पुढे एकच चाक ठेवलं की आतलं-बाहेरचं हा वादच उरत नाही. १८९३ साली त्यांनी दोन चाकं वळवण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि मगच त्यांची चार चाकी गाडी आली. तोवर हातात गोल चाकही नव्हतं. नावेच्या सुकाणूसारखा दांडा किंवा छोटी मूठ असायची. १८९४ च्या पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड वाशरोन यांनी आपल्या गाडीला गोल चाक बसवलं होतं. पुढच्या काही वर्षांत दांडा गेला आणि चाक राहिलं.

आतलं चाक नेमकं जास्त वळावं म्हणून करतात काय? युक्ती इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. चाकांच्या मुळाशी असलेले आर्म सरळ मागे न ठेवता थोडे आत कललेले ठेवतात. त्यांची रेघ वाढवली तर ती साधारण मागच्या आखाच्या मध्याकडे जावी, असे. त्यामुळे टाय रॉड, आर्म आणि आख मिळून चौकोनाऐवजी समलंब चौकोन होतो. टाय रॉड सरकला की एका बाजूचा आर्म जास्त फिरतो आणि दुसऱ्या बाजूचा कमी. डावीकडे वळा, डावं चाक जास्त वळेल. उजवीकडे वळा, उजवं. हा हिशेब तंतोतंत जमत नाही, जवळपास जमतो. आणि रस्त्यावर टायर थोडा फार दबून-सरकून उरलेलं सांभाळून घेतो. छोट्या मोटारींत पेटीऐवजी एक दात्यांची पट्टी असते. दांड्याच्या टोकाचं दातेरी चाक फिरलं की पट्टी डावी-उजवी सरकते आणि दोन्ही चाकांना दोन बाजूंनी ढकलते-ओढते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये हीच रचना होती. पण कललेल्या आर्मची युक्ती तिथंही तीच.

दादा या कामाला लागला त्या वर्षी मी आठवीत होते. अण्णांचा खांदा धरला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ट्रक बंद. दादा अकरावीला होता, सायन्सला. दहावीला गणितात त्याला ८१ मार्क होते. घरात बैठक वगैरे काही झाली नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलून होत नाहीत. एका सोमवारी सकाळी त्यानं कॉलेजच्या पिशवीतली पुस्तकं काढून माझ्या फळीवर ठेवली, पिशवीत डबा घातला आणि तो हायवेवरच्या गॅरेजमध्ये गेला. आई चुलीपुढून उठली नाही. अण्णा पडवीत बसून होते, ते म्हणाले, ‘मिस्त्रीला माझं नाव सांग.’ तेवढंच.

मिस्त्रींनी त्याला सहा महिने नुसते नट धुवायला लावले. मग हळूहळू स्टिअरिंगचं काम हाताखाली आलं. कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करण्याचं यंत्र तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं. पुढचा आख जॅकवर उचलायचा, टायर हातानं गरगर फिरवून त्याच्या मध्यावर खडूनं रेघ मारायची, मग दोन टायरांच्या रेघांमधलं अंतर आधी पुढून मोजायचं आणि मग मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी हवं. पायाची बोटं किंचित आत घेऊन उभं राहिल्यासारखी चाकं हवीत. मग गाडी चालताना ती सरळ होतात. फरक जास्त असला तर टाय रॉड फिरवायचा; त्याच्या एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्याला डावे, म्हणून दांडी एकीकडे फिरवली की लांब होते आणि दुसरीकडे फिरवली की आखूड. झिजलेल्या टायरवरून नुसता तळहात फिरवून दादा सांगतो, चाकं आत बघतात की बाहेर. टायरच्या नक्षीला एका बाजूनं धार येते, ती हाताला लागते म्हणे. मी हात फिरवून पाहिला. मला सगळं रबरच लागलं.

आमच्या गावाहून कॉलेजला यायला वडापची जीप आहे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिच्यात अकरा माणसं बसली होती, मी बारावी. दादा घरी जायला म्हणून पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. दोन किलोमीटरवर तो म्हणाला, ‘मामा, गाडी बाजूला घ्या.’ स्टिअरिंग चार बोटं फिरलं तरी चाक हलत नव्हतं, हे त्यानं बसल्या जागेवरून पाहिलं होतं. जीपवाले मामा म्हणाले, ‘अरं, महिना झाला तसंच हाय. सवय झालीया.’ दादानं मला पुढच्या सीटवर बसवलं. ‘इंजिन बंद. नुसतं चाक डावीकडं-उजवीकडं हलवत ऱ्हा.’ मी हलवत राहिले, तो गाडीखाली शिरला. मोबाईलच्या उजेडात त्यानं टाय रॉडच्या टोकावर हात ठेवला. तिथं खोबणीत बसवलेला एक पोलादी गोळा असतो, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. मी चाक हलवलं की खालून ‘टक्, टक्’ असा आवाज यायचा.

माणसं कुरकुरायला लागली. एका आजींना दिवाबत्तीच्या आत घर गाठायचं होतं. मामांनी किल्ली फिरवायला हात पुढे केला, तेवढ्यात दादा खालून बाहेर आला. त्याच्या हातात नट होता. टोक त्यानं सोडवून टाकलं होतं. ‘आता चालवूच शकत न्हाई तुमी,’ तो शांतपणे म्हणाला. मामा संतापले. जे बोलले ते इथं छापता येणार नाही. दादानं ते टोक त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि दोन बोटांनी थोडा जोर लावला, तर गोळा खोबणीतून निघून आला. पुढच्या उतारावर तो आपणहून निघाला असता. मग टाय रॉड लोंबकळला असता आणि एक चाक ड्रायव्हरचं ऐकत राहिलं असतं, दुसरं कुणाचंच नाही. मामा गप्प झाले. आम्ही बाराही जण चालत गावात आलो. आजींना दादानं हात धरून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नवं टोक उधारीवर बसवून दिलं. मजुरी घेतली नाही. ही गोष्ट कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही, कारण काही झालंच नाही. दादाचं काम चोख झालं म्हणजे काही होत नाही. त्याच्या धंद्याची हीच गंमत आहे.

स्टिअरिंगमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. वळण संपलं आणि हात सैल सोडला की चाक आपलं आपण सरळ होतं. कुठली स्प्रिंग त्याला ओढत नाही. ज्या रेषेभोवती पुढचं चाक वळतं, ती रेषा वरच्या बाजूला थोडी मागे कललेली ठेवतात. त्यामुळे ती रेषा जमिनीला जिथे टेकते, ती जागा टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे येते आणि टायर तिच्या मागोमाग ओढला जातो. मागून ओढली जाणारी वस्तू सरळ रेषेतच येते. सायकल पाहा, तिचा दांडा असाच कललेला असतो, म्हणून हात सोडून सायकल चालवता येते. चाकं असलेल्या खुर्चीची चाकंही ढकलल्यावर अशीच मागे वळून सरळ होतात. अण्णा म्हणायचे, ‘वळवायची आपण, सरळ ती होतीया. तिच्याशी भांडायचं न्हाई.’ घाटात नवे ड्रायव्हर वळण संपल्यावरही स्टिअरिंगशी झटत राहतात आणि दमतात. जुने ते हातातून घसरू देतात.

आता काळ पालटला आहे. तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९२६ साली करून दाखवलं होतं आणि १९५१ साली ते क्रायस्लर कंपनीच्या गाडीत विक्रीला आलं. विजेच्या मोटरवर चालणारं १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या जपानी गाडीत आलं. आज साध्यासुध्या मोटारींतही तेच असतं. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. आपण चाक फिरवलं की तिला पीळ बसतो, तो पीळ एक सेन्सर मोजतो आणि छोटा कॉम्प्युटर मोटरला सांगतो की इतका इतका जोर लाव. २०२३ साली विक्रीला आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तर हाताचं चाक आणि रस्त्याचं चाक यांच्यामध्ये दांडाच नाही. निरोप जातो तो तारेतून.

यामुळे दादाच्या गॅरेजमध्ये एक नवी पंचाईत उभी राहिली. गाडी येते, समोर स्टिअरिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला असतो आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालेलं असतं. तळहात फिरवून हे कळत नाही. यंत्र जोडावं लागतं, ते यंत्र एक आकडा दाखवतं आणि त्या आकड्याचा अर्थ इंग्रजी पुस्तकात असतो. चारशे पानांचं पुस्तक. मिस्त्री आता थकले आहेत. ते म्हणाले, ‘हे आपलं काम न्हाई, कंपनीत पाठवा.’ दादानं ते पुस्तक घरी आणलं आणि जेवणं झाल्यावर माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, ‘वाच.’

गेले आठ महिने आम्ही रोज रात्री तासभर बसतो. मी वाचते आणि मराठीत सांगते. तो ऐकतो आणि मला जिथे कळत नाही तिथे तो समजावतो. कारण शब्द मला येतात, वस्तू त्याला माहीत असते. ‘टॉर्क’ला मी कोशात शब्द शोधत होते, तो म्हणाला, ‘पीळ म्हण की.’ तोच शब्द वर मी वापरला आहे. ‘टो-इन’ला आम्ही ‘बोटं आत’ म्हणतो. ‘प्ले’ला ‘ढिलाई’ लिहून पाहिलं, पण ते त्यानं खोडायला लावलं. गॅरेजात प्लेला सगळे प्लेच म्हणतात, मग उगाच बदलायचं कशाला? अशी दोनशे पानी वही भरत आली आहे. गेल्या महिन्यात कंपनीत पाठवायची म्हणून ठरलेली एक गाडी दादानं स्वतः दुरुस्त केली. सेन्सरच्या तारेचा जोड गंजला होता. मिस्त्रींनी गाडी चालवून पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी दादाच्या हाताखाली त्यांनी एक नवा पोरगा दिला.

माझे प्राध्यापक वर्गात समतेबद्दल शिकवतात. मी ते मन लावून ऐकते आणि मला ते पटतंही. पण एका वळणावर दोघांनी सारखंच वळायचं, असा हट्ट धरला तर गाडी फरफटते, हेही मला माझ्या आलेख कागदानं शिकवलं आहे. आमच्या घराला सहा वर्षांपूर्वी एक वळण घ्यावं लागलं. त्या वळणावर दादा आतल्या बाजूला होता. तो जास्त वळला, म्हणून मी थोडंसंच वळून पुढे आले. हा फरक मी कितीही शिकले तरी पुसला जाणार नाही. आणि आतल्या बाजूला कायम एकच चाक असतं असंही नाही. रस्ता उलटा वळला की बाहेरचं चाक आतलं होतं आणि मग जास्त वळायची पाळी त्याची असते. ती पाळी आली की मी तयार असेन, असं मी दादाला एकदा म्हणाले. तो म्हणाला, ‘आधी पान एकशे बारा वाच. ते अर्धवट राहिलंय.’

ती वही आता गॅरेजमध्ये येणाऱ्या नव्या पोरांसाठी झेरॉक्स करायची आहे. मिस्त्री म्हणाले, वहीवर नाव पाहिजे, नाहीतर हरवते. दादानं पेन माझ्याकडे सरकवलं, ‘तुझं घाल, लिहिलंयस तू.’ मला म्युनिकचा तो कारागीर आठवला. मी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत दादाचं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्याखाली, बारीक अक्षरांत, ‘लिहून घेतले’ असं लिहून माझं.